खुनी ठाऊक असून पुन्हा बघणारे आणि एकच गाणं तीसदा ऐकणारे

संक्रांतीला गड्डा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा, भरली की जुळे सोलापुरातली माझी भाची चार दिवस आमच्याकडे मुक्कामाला येते. आमचं घर पूर्व भागात. होम मैदान इथून जवळ पडतं असं ती आईला सांगते. खरं कारण, आमच्याकडे रात्री अकरानंतर 'झोप आता' म्हणणारं कुणी नाही. यंदा ती आली ती एक कोरियन गाणं घेऊनच. दात घासताना तेच, जेवताना तेच, अंथरुणात कानात बोंडं घालून पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "अगं, किती वेळा तेच ते?"

मोबाइलमधून मान वर न काढता ती म्हणाली, "मामा, तू काय बघायलास?"

मी सीआयडीचा जुना भाग बघत होतो. खुनी कोण ते मला ठाऊक होतं. डॉक्टर साळुंखे कुठल्या बाटलीत काय टाकणार आणि त्याचा रंग कोणता होणार, तेही ठाऊक होतं. दया दरवाजा तोडणार हे तर मालिका न बघणाऱ्यालाही ठाऊक असतं. म्हणजे ती एक गाणं तिसाव्यांदा ऐकत होती आणि मी एक खून चौथ्यांदा बघत होतो. गप्प बसलो.

ठाऊक असलेलंच पुन्हा पुन्हा का ऐकायचं, का बघायचं, हा प्रश्न मात्र डोक्यात राहिला, कारण हे दोन्ही नाद मला आहेत. १९९५ साली अलिशा चिनॉयची 'मेड इन इंडिया' आली तेव्हा मी कॉलेजात नुकता गेलो होतो. नव्या पेठेतून कॅसेट आणली आणि इतकी वाजवली की फीत सैल पडायला लागली. पेन्सिल घालून घट्ट करायची, पुन्हा लावायची. १९९८ च्या जानेवारीत सीआयडी सुरू झाली आणि आमच्या घरातला एक वार कायमचा ठरून गेला. लोकांना हे दोन नाद विजोड वाटतात. एकीकडे रंगीत दिवे, नाच, प्रेम. दुसरीकडे प्रेत आणि पंचनामा. मला ते एकाच मागावरचे दोन नमुने वाटतात. मागाबद्दल मी जरा अधिकारानं बोलू शकतो, कारण पोट त्याच्यावरच आहे.

मी चादरींची डिझाइनं काढतो. सोलापुरी चादर जॅकार्डवर विणतात. जोसेफ-मारी जॅकार्ड या फ्रेंच माणसानं १८०४ च्या सुमारास ही युक्ती उभी केली. पुठ्ठ्याच्या कार्डाला भोकं पाडायची. भोक असेल तिथला उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो, आणि मधल्या फटीतून धोटा आडवा धागा घेऊन पळतो. एक कार्ड, एक आडवा धागा. अशी शेकडो कार्डं ओवून माळ करायची. माळ संपली की पुन्हा पहिलं कार्ड. आता पुष्कळ ठिकाणी कार्डांच्या जागी कॉम्प्युटर आला, पण माळ फिरते तशीच फिरते. ती फिरून पहिल्या कार्डावर येते त्याला आम्ही 'रिपीट' म्हणतो. माझं अर्धं कसब हा रिपीट केवढा ठेवायचा यात आहे. फार लहान ठेवला तर चादर खिडकीच्या जाळीसारखी दिसते. फार मोठा ठेवला तर अख्ख्या चादरीत तो एकदाच येतो, डोळ्याला धरायला काही सापडत नाही. गिऱ्हाइकाला यातलं काही सांगता येत नाही. तो घडी उलगडतो, दोन क्षण बघतो आणि म्हणतो, "दुसरी दाखवा."

पॉप गाणं हा याच रिपीटचा धंदा आहे.

आपल्याकडच्या सिनेगीतात बहुधा मुखडा आधी येतो, मग अंतरा, मग पुन्हा मुखडा. भजनातही ध्रुवपद सुरुवातीलाच हाताशी मिळतं आणि टाळकरी ते धरून ठेवतात. पाश्चात्त्य पॉपमध्ये बरेचदा याच्या उलट असतं. आधी कडवं, हलक्या आवाजात, थोडं बोलल्यासारखं. मग एक छोटा चढ. त्यात ठेका दाट होत जातो, नाहीतर एकदम थांबतो. आणि मग कोरस, म्हणजे तिथला मुखडा, सगळी वाद्यं घेऊन अंगावर येतो. या अंगावर येण्याला भाची 'ड्रॉप' म्हणते. आपण आधी देवाचं दर्शन घेतो आणि मग प्रदक्षिणा घालतो. हे लोक आधी रांगेत उभं करतात. के-पॉपवाल्यांनी, म्हणजे कोरियन पॉपवाल्यांनी, ही रांग आणखी नागमोडी केली आहे. एकाच गाण्यात मध्येच कुणी रॅप करतो, मध्येच चाल पार बदलते, आणि तेवढ्यात ओळखीचा तुकडा परत येतो.

गंमत रांगेतच असते, हे २०११ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजून दाखवलं. त्यांनी लोकांना आपापलं अंगावर काटा आणणारं संगीत घेऊन यायला सांगितलं आणि ते ऐकताना त्यांच्या मेंदूत डोपामीन कधी आणि कुठे सुटतं ते पाहिलं. डोपामीन म्हणजे मेंदूतलं ते रसायन, जे भूक लागल्यावर जेवणाचा वास आला की 'चल, उठ' म्हणतं. काटा येण्याच्या क्षणी ते सुटलंच, पण त्याच्या काही सेकंद आधीही सुटलं, आणि मेंदूच्या वेगळ्या भागात. आवडती जागा आता येणार, याची वाट बघण्याचं सुख वेगळं आणि ती आल्याचं सुख वेगळं. प्रयोगातली माणसं थोडीच होती, पण ज्यानं गड्ड्यात मोठ्या पाळण्यात बसून पाहिलंय त्याला फार पुरावा लागायचा नाही. खाली दुसरी माणसं बसवायला पाळणा थांबतो आणि आपण नेमके टोकाला लटकलेलो असतो. खाली येणार हे नक्की असतं. पोटात गोळा येतो तो तेव्हाच.

वाट बघायची तर पुढे काय येणार याचा अंदाज हवा. तो अंदाज गाणं आधी ऐकलेलं असल्याशिवाय येत नाही. म्हणून भाचीचं तिसाव्यांदा ऐकणं हे पहिल्यांदा ऐकण्यापेक्षा कमी सुखाचं नाही. पहिल्या वेळी ती रस्ता विचारत चालली होती, आता डोळे मिटून चालते.

नुसत्या ओळखीनंही माणूस वळतो. रॉबर्ट झायन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९६८ साली लोकांना निरर्थक शब्द, चिनी वाटावीत अशी चिन्हं आणि अनोळखी चेहऱ्यांचे फोटो दाखवले. काही एकदा, काही पुष्कळदा. जे जास्त वेळा दिसलं ते लोकांना जास्त आवडलं, कारण मात्र काहीच नव्हतं. अर्थात याला मर्यादा आहे. एका टप्प्यानंतर तेच गाणं कानाला टोचायला लागतं. लग्नाच्या मोसमात मंगल कार्यालयाशेजारी राहणाऱ्या कुणालाही विचारा.

त्याहून नवलाचं एक आहे. डायना डॉइच या संगीताच्या अभ्यासक १९९५ मध्ये स्वतःच्याच आवाजातलं व्याख्यान तपासत होत्या. त्यातला एक तुकडा चुकून पुन्हा पुन्हा वाजत राहिला, आणि थोड्या वेळानं त्यांना वाटलं, खोलीत कुणीतरी गातंय. आवाज त्यांचाच, वाक्य साधं बोलण्यातलं. काहीही बदललं नव्हतं, ते फक्त परत परत आलं होतं. आमच्या गल्लीत रोज नऊच्या सुमारास भंगारवाला येतो. रेकॉर्ड करून ठेवलेली एकच हाळी त्याच्या गाडीवर फिरत असते. दोन महिन्यांपूर्वी लक्षात आलं, मी दाढी करताना ती सुरात गुणगुणतोय.

इथे डोक्यात अडकणाऱ्या गाण्याचा विषय निघतोच. जर्मन भाषेत त्याला कानातला किडा म्हणतात आणि तिथूनच तो शब्द जगभर गेला. डरहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे ३,००० लोकांना विचारलं, तुमच्या डोक्यात कुठली गाणी अडकतात? त्यातून दिसलं ते असं: अडकणारं गाणं साधारण जलद असतं, त्याची चाल ओळखीच्या वळणाची असते, आणि त्यात कुठेतरी एखादी अनपेक्षित उडी असते. आमच्या धंद्यात यालाच चांगलं डिझाइन म्हणतात. सगळी वेल सरळ, आणि एकाच पानाची शेंडी उलटी.

किडा काढायचा उपायही आहे. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठात २०१५ साली दिसलं की च्युइंगम चघळल्यावर गाणं डोक्यात कमी फिरतं. मनातल्या मनात गाताना जबडा आणि जीभ यांना हलण्याची तयारी करावी लागते, आणि ते दुसऱ्या कामात असले की गाणाऱ्याची पंचाईत होते. मी च्युइंगम खात नाही. कडक भाकरी खातो. शेंगाचटणीबरोबर एक कडक भाकरी नीट चावून संपवायला दहा मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात कुठलंही गाणं हार मानतं. हा प्रयोग विद्यापीठात झालेला नाही, माझ्या स्वयंपाकघरात झालाय.

ही सगळी कारागिरी फार विचारपूर्वक केलेली असते. स्वीडनच्या मॅक्स मार्टिन या संगीतकारानं १९९८ साली अमेरिकी गायिका ब्रिटनी स्पीअर्सला तिचं पहिलं गाणं दिलं. चाल बांधण्याच्या या घराण्याच्या रीतीला तिकडे चालीचं गणितच म्हणतात: ओळीत अक्षरं किती, कडव्यातली चाल खाली असेल तर कोरसची वर कुठून उचलायची, हे सगळं मोजलेलं. आता त्या मोजमापात पैशाचंही गणित शिरलंय. स्पॉटिफाय या इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या ॲपवर गाणं ३० सेकंद ऐकलं गेलं तरच ते एकदा वाजलं असं धरतात. म्हणजे ऐकणाऱ्याला अर्ध्या मिनिटाच्या आत बांधून ठेवायला हवं. लोकांचा धीर त्याआधीच सुटायला लागला होता. अमेरिकेतल्या गाजलेल्या गाण्यांच्या एका पाहणीत दिसलं की १९८० च्या दशकाच्या मध्याला गायकाचा आवाज सुरू व्हायच्या आधी सरासरी २० सेकंदांहून जास्त नुसती वाद्यं वाजायची. २०१५ पर्यंत ती ५ सेकंदांवर आली. रांग आखूड झाली. मला हे आवडत नाही. भाचीला फरक पडत नाही.

आता प्रेताकडे येऊ.

आमच्या शेजारी एक अक्का राहतात. घरात तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी, आणि सीआयडीतल्या माणसांशी हिंदी. चाळीस वर्षं विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, बाजूला दोऱ्याचं रीळ. पान घ्यायचं, चिमटीनं तंबाखू पसरायचा, बोटांत फिरवून गुंडाळी करायची, तोंड मुडपायचं, दोरा मारायचा. नजर टीव्हीवर असते. हातांना डोळ्यांची गरज पडत नाही. हे हात मालिकेत दोन-तीनदाच थांबतात. मी नीट पाहून ठेवलंय, कॅमेरा एखाद्या वस्तूवर गरजेपेक्षा एक क्षण जास्त रेंगाळला की अक्कांचा हात हवेत राहतो. कपाटावरची फुलदाणी, दारामागची चप्पल. मग पुन्हा दोरा.

अक्कांचे अंदाज बहुतेक बरोबर येतात, आणि त्यांची पद्धत दयाच्या पद्धतीपेक्षा चांगली आहे. पहिलं, घड्याळ. दहाव्या मिनिटाला कुणाला पकडलं की त्या म्हणतात, "अजून अर्धा तास आहे की रे. हा कसा असंल?" दुसरं, नट. "एवढा चांगला नट नुसता चहा आणून द्यायला घेतील का?" हे गुन्ह्याचं शास्त्र नव्हे, मालिकेचं आहे, आणि मालिका बघताना तेच कामाला येतं.

रहस्यकथेचा पाया एका न लिहिलेल्या करारावर आहे: उत्तर आम्ही शेवटी देऊ, पण ते आधीच तुमच्या डोळ्यांसमोर ठेवलेलं असेल. म्हणजे, हा करार एकदा लिहिलाही गेला आहे. रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज पाद्र्यानं १९२९ साली रहस्यकथा लिहिणाऱ्यांसाठी दहा नियम घातले. तपास करणाऱ्याला सापडलेला धागा वाचकापासून लपवायचा नाही. आधी सूचना दिल्याशिवाय जुळा भाऊ काढायचा नाही. गुप्त भुयार एकापेक्षा जास्त नको. आपल्या मालिकांनी जुळ्या भावाचा नियम किती पाळला ते सोडून देऊ.

मग धागा समोर ठेवूनही तो दिसत का नाही? कारण शेजारी चकवा ठेवलेला असतो. शेवयाच्या खिरीत वेलदोडा असतो तसा खरा धागा चार फालतू गोष्टींच्या मध्ये टाकतात. पहिली आणि शेवटची गोष्ट माणसाच्या लक्षात राहते, मधली निसटते. नाहीतर धागा दाखवून लगेच कुणाला तरी किंचाळायला लावतात. नजर किंचाळीकडे जाते. शेवटी खुनी उभा राहतो तेव्हा प्रेक्षकाच्या तोंडून दोन शब्द एकदम यायला हवेत: 'अरेच्चा' आणि 'तरीच'. नुसता 'अरेच्चा' आला तर फसवल्यासारखं वाटतं, नुसता 'तरीच' आला तर कंटाळा. कोरसच्या आधीच्या चढाचंही हेच आहे. सूर कुठे उतरणार याची चाहूल हवी आणि तरी तो उतरला की अंगावर काटा यायला हवा.

प्रत्येक गुन्हेमालिका 'कोणी केला' एवढंच विचारते असंही नाही. १९७१ पासून नियमित सुरू झालेल्या 'कोलंबो' या अमेरिकी मालिकेत खुनी सुरुवातीलाच दाखवत. मळका रेनकोट घातलेला तो फौजदार त्याला कसा गाठतो, एवढंच बघायचं. आपल्याकडे २०२० मध्ये आलेल्या 'देवमाणूस'मध्येही डॉक्टर काय करतो हे प्रेक्षकाला ठाऊक होतं, गावाला नव्हतं, घराघरांतून बायका टीव्हीला ओरडून सांगत होत्या, "जाऊ नकोस त्याच्याकडे!" इथे रहस्य नाहीच, फक्त वाट बघणं आहे. आणि 'क्राइम पेट्रोल'सारख्या मालिका 'का केला' या तिसऱ्या प्रश्नावर चालतात. मला स्वतःला पहिला प्रकार आवडतो. 'का' हा प्रश्न रात्री झोपू देत नाही.

जाहिरातीच्या आधी दरवाजा उघडतो, चेहरे दचकतात आणि साबण सुरू होतो. यामागे जुनी समजूत आहे. १९२७ मध्ये ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बर्लिनमध्ये दाखवलं की अर्धवट सोडायला लावलेलं काम पुऱ्या झालेल्या कामापेक्षा जास्त लक्षात राहतं. त्यामागची गोष्ट वेटरची सांगतात. बिल होईपर्यंत त्याला सगळ्या टेबलांची ऑर्डर पाठ, बिल झालं की पुसलं. नंतर हा प्रयोग करणाऱ्या सगळ्यांना तोच निकाल मिळाला असं नाही, पण मालिकावाल्यांनी त्याची वाट बघितली नाही.

भीती विकत घेऊन माणूस घरात का आणतो, हा प्रश्न आमच्या घरात बायको विचारते. तिला गुन्हेमालिका सोसत नाहीत. २०१० मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी पाहिलं की खऱ्या गुन्ह्यांची पुस्तकं पुरुषांपेक्षा बायका जास्त निवडतात, आणि त्यातही जिथे बळी पडणारी बाई कशी सुटली ते सांगितलेलं असतं अशी. म्हणजे हा निव्वळ थरार नसावा, थोडी तयारीही असावी. अक्का तेच म्हणतात: "बघितलेलं बरं. उद्या कुणी गॅसवाला म्हणून आला तर आधी कार्ड मागायचं, हे मला कुणी शिकवलं?" पण याला दुसरी बाजू आहे. माध्यमांचे अभ्यासक जॉर्ज गर्बनर यांनी १९७० च्या दशकात मांडलं की जे लोक खूप टीव्ही बघतात त्यांना जग आहे त्याहून धोक्याचं वाटायला लागतं. अक्का रात्री कडी लावतात, परत जाऊन बघतात, आणि झोपायच्या आधी नातवाला पुन्हा बघायला पाठवतात.

एक गोष्ट मात्र गुन्हेमालिकांनी आपल्याला चुकीची शिकवली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय माझ्यासारख्या चाहत्यानं पुढे जाऊ नये. चौकशीच्या खोलीत एक सणसणीत कानाखाली, आणि आरोपी घडाघडा बोलतो. गुन्हा कबूल, मालिका संपली. प्रत्यक्षात पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या साक्ष कायद्यात हे कलम २५ मध्ये होतं, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम २३ मध्ये आहे. त्या बोलण्यातून एखादी वस्तू सापडली, समजा विहिरीतून चाकू निघाला, तर तेवढ्यापुरता भाग धरतात. हे मी सांगितलं तेव्हा अक्कांचा हात जाहिरात नसतानाही थांबला.

"म्हणजे एवढे सगळे कबूल करतात ते फुकट?"

"फुकट."

"मग फाशी कशी होते रे?"

तसंच नार्को चाचणीचं. माणसाच्या संमतीशिवाय ती करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये स्पष्ट केलं. अटक केलेल्याला २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. हे तर राज्यघटनेतच आहे. प्रयोगशाळेचं म्हणाल तर डीएनएचा अहवाल चहा संपेपर्यंत येत नाही, त्याला आठवडे, महिने लागतात. मात्र नव्या कायद्यानं मालिकेला थोडं खरं केलंय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे, अशी तरतूद आहे. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. आणि बोटांच्या ठशांचं श्रेय तर आपल्याकडेच घ्यायला हवं. जगातलं पहिलं ठसे कार्यालय १८९७ साली कलकत्त्यात निघालं. ठशांची वर्गवारी लावायचं डोकं अजिजुल हक आणि हेमचंद्र बोस यांचं. ती पद्धत मात्र जगभर गेली त्यांच्या साहेबाच्या, एडवर्ड हेन्रीच्या नावानं.

भाचीचा प्रश्न अजून पुरता सुटला नाही. गाणं पुन्हा ऐकणं समजलं. पण रहस्य फुटल्यावर मालिका पुन्हा का बघायची? कॅलिफोर्नियातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये लोकांना गोष्टी वाचायला दिल्या. काहींना शेवट आधी सांगून, काहींना न सांगता. ज्यांना शेवट ठाऊक होता त्यांना गोष्ट जास्त आवडली, अगदी रहस्यकथासुद्धा. नंतरच्या काही अभ्यासांत उलटंही दिसलं, म्हणून कुणाला खुनी आधी सांगून वर विज्ञानाचा दाखला देऊ नये. पण माझा अनुभव पहिल्या बाजूचा आहे. दुसऱ्यांदा बघताना मी खुन्याला शोधत नाही, खुनी नट काय करतोय ते बघतो. पहिल्याच दृश्यात तो रडणाऱ्या बायकोला पाण्याचा पेला देतो आणि तो टेबलावर ठेवताना डावा हात वापरतो. पहिल्या वेळी हे कुणाला दिसतं? रहस्य फुटल्यावर कारागिरी दिसायला लागते. मी चादर नेहमी उलटी करून बघतो, तसंच हे.

आणि माणसं. २०१८ च्या ऑक्टोबरात सीआयडी थांबली, २०२४ च्या डिसेंबरात परत आली. त्यातले एसीपी प्रद्युम्न म्हणजे शिवाजी साटम यांना आम्ही सीआयडीच्याही आधी मराठी दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य'मध्ये पोलिसाच्या भूमिकेत पाहिलं होतं, म्हणजे ओळख किती जुनी. २०२५ च्या एप्रिलमध्ये एसीपी प्रद्युम्न मेल्याचं दाखवलं तेव्हा अक्का दोन दिवस टीव्हीकडे फिरकल्या नाहीत. पुढे साहेब परतले. अक्का म्हणाल्या, "मला ठाऊकच होतं," पण त्या दिवशी त्यांनी सगळ्या गल्लीला चहा पाजला.

१९५६ साली हॉर्टन आणि वोल या दोन अभ्यासकांनी अशा एकतर्फी ओळखीला नाव दिलं. टीव्हीवरचा माणूस थेट आपल्या डोळ्यांत बघून बोलतो, ठरल्या वेळी घरी येतो, त्याच्या सवयी आपल्याला पाठ होतात. मन त्याला ओळखीच्या माणसांतच मोजतं. त्याला आपण माहीत नसतो, एवढाच फरक. भाचीच्या बीटीएस या कोरियन गटानं हे कसब फार पुढे नेलं. १३ जून २०१३ ला सात पोरांनी सुरुवात केली, गाण्यांइतकंच कॅमेऱ्यासमोर जेवले, झोपाळले, भांडले. चाहत्यांच्या फौजेचं नावच आर्मी. २०२० मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ते पहिल्या नंबरावर गेले तेव्हा भाचीनं पेढे वाटले होते. तेव्हा सगळे हसले, मीही हसलो. अक्कांचा चहा मात्र मी दोन कप प्यायलो.

गड्ड्याच्या शेवटच्या रात्री तिघं एकत्र बसलो. भाचीनं सीआयडी कधी धड बघितली नव्हती. भाग मला पाठ, अक्कांनाही. बंगला, श्रीमंत म्हातारा, तीन वारस. मी ओठ घट्ट मिटून बसलो होतो. भाची पडद्याकडे बघतच नव्हती, मोबाइलवर काहीतरी चाललं होतं. एसीपींनी हात फिरवला, चौघे ओळीत उभे केले, आणि पार्श्वसंगीत, जे मघापासून घुमत होतं, ते थांबलं.

भाचीनं मान वर केली. "मामा, आता ड्रॉप येणार."

अक्कांचा हात हवेत थांबला होता. पान अर्धं वळलेलं. मी दोघींकडे बघत होतो आणि त्यामुळे खुन्याचा चेहरा तेवढा बघायचा राहिला.

सकाळी ती गेली. मी कॉम्प्युटरसमोर बसून एका वेलीचा रिपीट लावत होतो तर डोक्यात सीआयडीची सुरुवातीची धून, आणि तिच्यात कुठूनतरी ते कोरियन गाणं मिसळलेलं. उठून स्वयंपाकघरात गेलो, डबा उघडला. कडक भाकऱ्या ती सगळ्या जुळे सोलापूरला घेऊन गेली होती.